फतेहाबाद : शिंदे-होळकरांच्या वाटेवरचे गाव

उज्जैनहून इंदूरला आपण शेकडो वेळा गेला असाल, पण मध्ये फतेहाबादला किती जण उतरलात? गुलाबजाम घेण्यापुरते फलाटावर उतरणे मी धरत नाही.

उज्जैनपासून रेल्वेने हे गाव 23 किलोमीटर. शेजारीच धर्मत. एप्रिल 1658 मध्ये तिथे औरंगजेब आणि मुराद यांनी जसवंतसिंहांच्या फौजेला हरवले, रतलामचे रतनसिंह राठोड तिथेच पडले. ‘फतेह’ ती. पण लढाईने नाव दिले, गाव चालवले ते रुळांनी.

1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. पुढे नीमचकडच्या मार्गाला शिंद्यांनी 75 लाख दिले. पानिपतानंतरही ज्या दोन घराण्यांचे धड जमले नाही, त्यांचा पैसा असा एका वाटेला लागला. त्या मार्गावरून उज्जैनचा मीटरगेज फाटा फुटला तो फतेहाबादला.

माधवनगरात दवाखाना टाकला तेव्हापासून माझे निम्मे वेळापत्रक त्या छोट्या गाडीने ठरवले. सकाळी दूधवाले, कॉलेजची मुले, कचेरीतले बाबूलोक, सारे ‘अपडाऊन’वाले. खिशात पास, डब्यात भजनी मंडळी नाहीतर पत्त्यांचा डाव. संध्याकाळच्या गाडीआधी पुड्या बांधून तयार ठेवाव्या लागत. ‘डॉक्टरसाहेब, गाडी सुटेल’ हे वाक्य मी लक्षणांपेक्षा जास्त ऐकले आहे.

2014 मध्ये रुंदीकरणासाठी उज्जैनचा फाटा बंद झाला. रतलाम-इंदूर ब्रॉडगेज मात्र सुरू झाले. सात वर्षांत गावाने आमच्याकडे पाठ फिरवून इंदूरकडे तोंड केले. शाळा, बाजार, सोयरीक, सगळे तिकडे. याचा दोष मी गावाला देत नाही. जिकडे गाडी, तिकडे गाव.

15 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी नवा मार्ग राष्ट्राला अर्पण केला, उज्जैन-इंदूर मेमू धावू लागली. पहिल्याच महिन्यात तिथला एक मुलगा दवाखान्यात आला. त्याची आजी दम्यासाठी दर पंधरवड्याला माझ्याकडे येई. बस बदलून येणे तिला झेपेना, म्हणून औषध सुटले होते. मी जुना केसपेपर काढला. शेवटची नोंद जानेवारी 2014 ची. ‘आजी कशी आहे?’ विचारले. तो म्हणाला, ‘दोन वर्षं झाली.’ मग स्वतःच्या खोकल्याचे सांगू लागला. बाहेर गाडीची वेळ होत आली होती.