आहार-प्रश्नावली

आहार-प्रश्नावली : प्रौढ माणूस काय, किती आणि कितीदा खातो याचा अंदाज त्याच्याच सांगण्यावरून घेण्याचे पोषणविज्ञानातील साधन. ताटातला प्रत्येक पदार्थ तोलून नोंदवणे अधिक काटेकोर खरे. पण तराजू ताटाशेजारी आला की माणूस वेगळा जेवू लागतो, नोंदवायला सोपे तेच रांधतो आणि चार दिवसांत कंटाळतो. हजारो लोकांच्या अभ्यासात म्हणून विचारण्यावरच भिस्त ठेवावी लागते. तीन पद्धती रूढ आहेत : मागील २४ तासांची आठवण, वारंवारता-प्रश्नावली आणि आहार-इतिहास. यांतील तिसरी पद्धत हार्वर्डच्या बर्था बर्क यांनी घडवली व १९४७ मध्ये सविस्तर मांडली. तिच्यात प्रशिक्षित आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची दीर्घ मुलाखत घ्यायची असते, त्यामुळे मोठ्या अभ्यासांत ती मागे पडली.

चोवीस तासांची आठवण : काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय गेले, एवढाच हा प्रश्न. तो एका दमात विचारला तर उत्तर अर्धेच मिळते. ‘काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला’ असे सांगणाऱ्याच्या त्या चहात दोन चमचे साखर आणि सोबत चार बिस्किटे असू शकतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने राष्ट्रीय पाहणीसाठी पाच फेऱ्यांची पद्धत बसवली. आधी माणसाला सुचेल तशी यादी सांगू द्यायची, मग हमखास विसरले जाणारे पदार्थ आठवून द्यायचे, मग वेळ व प्रसंग, त्यानंतर प्रमाण आणि रांधण्याची रीत, आणि शेवटी पुन्हा एक उजळणी.

पद्धत कितीही चांगली असली तरी काल हा एकच दिवस असतो. तो एकादशीचा निघाला तर साबुदाण्याची खिचडी हाच त्या माणसाचा आहार ठरायचा. मोठ्या समूहाची सरासरी काढायला हा दोष फारसा आड येत नाही, कारण निरनिराळ्या माणसांचे निरनिराळे दिवस एकत्र येतात. एका व्यक्तीबद्दल बोलायचे तर मात्र तो जड जातो. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे २९ जणांनी वर्षभर रोजचा आहार नोंदवला होता. त्या नोंदींवरून १९८७ मध्ये हिशेब मांडला गेला : व्यक्तीचे खरे सरासरी उष्मांक १० टक्क्यांच्या आत पकडायला सरासरी ३१ दिवसांच्या नोंदी लागतात आणि अ जीवनसत्त्वासाठी ४३३ दिवसांच्या. भात-पोळी रोज असते, अळू किंवा गाजर रोज नसते. फरक त्यामुळे पडतो.

भारतात ही पद्धत राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाने रुळवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आधाराने १९७२ मध्ये सुरू झालेल्या या मंडळाच्या पाहण्यांत महाराष्ट्रही होता. एकाच भांड्यातून सगळ्यांना वाढायच्या आपल्या रीतीला त्यांनी काढलेला तोडगा वाखाणण्यासारखा आहे. घरात किती डाळ, किती पीठ शिजायला घेतले ते आधी विचारायचे, शिजल्यावर एकूण आमटी किती झाली ते पाहायचे आणि ठरावीक मापांचे पेले पुढे ठेवून कोणाच्या वाट्याला किती आले ते काढायचे. तेलाचा हिशेब बहुधा महिन्याला आणलेले तेल भागिले घरची माणसे असाच होतो आणि तो ढोबळच राहतो. शिवाय उत्तर कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न उरतोच. रांधणारीला फोडणीचे तेल माहीत असते, पण नवऱ्याने नाक्यावर खाल्लेला वडापाव माहीत नसतो. ती स्वतः सर्वांत शेवटी, उरलेले जेवत असेल तर तिचाच वाटा मापाच्या पेल्यात बसवणे सर्वांत कठीण जाते.

वारंवारता-प्रश्नावली : पदार्थांची छापील यादी द्यायची आणि गेल्या वर्षभरात प्रत्येक पदार्थ कितीदा खाल्ला त्यावर खूण करायला सांगायची, असे हिचे स्वरूप. ती टपालाने पाठवता येते, स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षे पुन्हा भरून घेता येते. अमेरिकेतील नर्सेस हेल्थ स्टडी १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांना घेऊन सुरू झाली. १९८० मध्ये तिच्यात ६१ पदार्थांची यादी आली. वॉल्टर विलेट आणि सहकाऱ्यांनी ती पडताळण्यासाठी १७३ परिचारिकांकडून वर्षात चार वेळा आठवडाभराच्या तोलून केलेल्या नोंदी घेतल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नावलीचे आकडे नोंदींशी तंतोतंत जुळत नाहीत, पण जास्त खाणारी आणि कमी खाणारी कोण याचा क्रम बऱ्यापैकी लागतो, हा तिचा खरा उपयोग. तिच्यातून निघालेला उष्मांकाचा आकडा वजनकाट्यासारखा वाचणारे लेख अजूनही दिसतात, ते चूक आहे.

भरणाऱ्याच्या डोक्याला ताप मात्र पुष्कळ. मे महिन्यात रोज दोन आंबे खाणाऱ्याने आणि जुलैनंतर एकही न खाणाऱ्याने ‘आठवड्याला सरासरी किती?’ या रकान्यात काय लिहायचे? हे गणित बहुतेक जण करत नाहीत, अंदाजे खूण करतात.

चूक किती? : ताडून पाहायला साक्षीदार हवा, आणि तो माणसाच्या आठवणीबाहेरचा हवा. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे जड समस्थानिक असलेले पाणी प्यायला देऊन पुढचे काही दिवस लघवी तपासली की शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळते; वजन स्थिर असेल तर तेवढीच खाल्ली असणार. अमेरिकेतील मेरिलंडमध्ये ४८४ प्रौढांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओपन’ अभ्यासात पुरुषांनी २४ तासांच्या आठवणीत १२ ते १४ टक्के आणि वारंवारता-प्रश्नावलीत ३१ ते ३६ टक्के ऊर्जा कमी सांगितल्याचे दिसले. स्त्रियांत हे आकडे १६ ते २० आणि ३४ ते ३८ टक्के होते. वजन जास्त असणारे अधिक कमी सांगतात, हे इतर अभ्यासांतही आढळले आहे. चूक सर्वांची सारखी असती तर गुणाकाराने भरून काढता आली असती. ती तशी नाही.

याचे परिणाम निष्कर्षांपर्यंत पोचतात. इंग्लंडमधील नॉरफोक येथील स्त्रियांच्या अभ्यासात शीला बिंगहॅम यांच्या गटाने सात दिवसांची आहार-डायरी आणि वारंवारता-प्रश्नावली दोन्ही वापरल्या. २००३ मध्ये त्यांनी दाखवले की संपृक्त मेद आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध डायरीतून स्पष्ट दिसतो, प्रश्नावलीतून नाही. बाया त्याच होत्या, साधन बदलले होते. ऊर्जेच्या मोजमापासाठी सांगोवांगीचा आहार वापरूच नये, असे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीरपणे म्हटले. उष्मांकांपुरते ते पटते. पालेभाज्या, दूध, मांस अशा पदार्थांच्या वारंवारतेला मात्र तीच कुऱ्हाड लावता येत नाही.

पुण्याचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० च्या दशकात झालेल्या मातृपोषण अभ्यासात गरोदर स्त्रियांचा आहार १८ व्या आणि २८ व्या आठवड्याच्या सुमारास २४ तासांची आठवण आणि वारंवारता-प्रश्नावली अशा दोन्ही पद्धतींनी विचारला गेला. शोभा राव, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ७९७ स्त्रियांच्या माहितीत उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी संबंध लागला नाही; दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वारंवार खाल्ली याचा लागला. शेतात राबणाऱ्या बाईच्या पोटात कोणत्या जिनसा जातात, हे त्या साध्या ‘कितीदा?’ने पकडले.

यादी मात्र त्या मुलखाचीच हवी. परदेशी यादी आणून तिच्यात पोळी घुसवली की काम भागत नाही. केरळ आणि गुजरात यांसाठी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या प्रश्नावल्या बनवाव्या लागल्या त्या यामुळेच. पुढे मुंबई, दिल्ली आणि तिरुवनंतपुरम येथील लोकांसाठी संगणकावर विचारायची प्रश्नावली तयार झाली. उत्तरांचे पोषकांत रूपांतर करायला अन्नघटकांचे तक्ते लागतात. हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत. ते बव्हंशी कच्चे आहेत, त्यामुळे थालीपिठाचा किंवा पुरणपोळीचा हिशेब संशोधकाला कृतीवरून स्वतः मांडावा लागतो.

मिठापुढे कोणतीच प्रश्नावली टिकत नाही. आमटीत, लोणच्यात, पापडात आणि वरून घेतलेल्या चिमटीत किती गेले हे रांधणारीलाही सांगता येत नाही. म्हणून ३२ देशांतील ५२ केंद्रांवर झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात लोकांना मिठाबद्दल विचारत बसण्याऐवजी २४ तासांची लघवी गोळा केली गेली.