संथ पाण्याची साक्ष

वाचकहो, इतिहास म्हटला की लढाया, तहनामे आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एखाद्या संथ नदीचे चित्र हेही इतिहासाचे साधन आहे, असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण जरा थांबा.

१८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यांतील क्लोद मोने ह्याच्या एका चित्राच्या नावावरून टीकाकाराने थट्टेने त्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले. मोने तेव्हा सीन नदीकाठी आर्जांतय गावी राहत असे. त्याच्या चित्रांत पाणी निवांत आहे, होड्या डुलताहेत. पण प्रशियाशी १८७०-७१ साली झालेल्या युद्धात तिथले पूल उद्ध्वस्त झाले होते! पुलाची दुरुस्ती चालू असतानाचे चित्रही मोनेने १८७२ साली काढले. ती शांतता युद्धानंतरची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्र वेगळे दिसू लागते.

आपल्याकडे कोल्हापूरला आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाचे चित्रकार. पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थ ह्यांच्या काठी बसून ते पाण्यावरचा उजेड टिपीत. १९३१ साली ते वारले. आज पंचगंगेच्या गढूळ पाण्याची तक्रार निघते, तेव्हा ही चित्रे साक्षीला उभी राहतात.

आता आपल्या चांद्याकडे या. मेजर ल्यूसी स्मिथ ह्यांनी १८६९ साली जमाबंदीचा अहवाल लिहिला. गावे, सारा, जंगल, सगळ्यांची नोंद केली. कनिंगहॅमने मार्कंड्याच्या देवळांविषयी लिहिले. देऊळ कागदावर आले; पण त्याच्या पायथ्याशी उत्तरेकडे वाहणारी वैनगंगा सकाळच्या उन्हात कशी दिसे, हे अहवाल कसे सांगणार? पुढे वीजकेंद्रासाठी इरईवर धरण झाले. १९८२ साली जिल्ह्याचे दोन झाले आणि वैनगंगा त्यांची शीव ठरली. धरणापूर्वीची इरई आता म्हाताऱ्यांच्या आठवणीत तेवढी उरली आहे.

म्हणून मी वर्गात मुलांना सांगतो : मोडी वाचायला जरूर शिका, पण सुटीत गावाकडे गेलात की वहीत नदीही काढा. वेडीवाकडी आली तरी चालेल. खाली तारीख मात्र घाला. पन्नास वर्षांनी तीच नोंद कुणीतरी शोधीत येईल.