लिन ओनस : मिश्र वारसा आणि अनुमतीचा प्रश्न

ऑस्ट्रेलियन चित्रकार लिन ओनस (१९४८-१९९६) यांचे वडील बिल ओनस योर्टा योर्टा या आदिवासी समाजातील, तर आई स्कॉटिश वंशाची होती. मेलबर्नमध्ये वाढलेल्या ओनस यांनी चित्रकलेचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. त्यांची निसर्गचित्रे युरोपीय वास्तववादी शैलीची होती. १९८६ मध्ये उत्तरेकडील मनिंग्रिडा येथे ज्येष्ठ आदिवासी चित्रकार जॅक वुनुवुन यांच्याशी त्यांची भेट झाली. तेथील परंपरेत पवित्र आकृतिबंध विशिष्ट कुळांच्या मालकीचे असतात. केवळ आदिवासी जन्मामुळे त्यांवर अधिकार प्राप्त होत नाही. वुनुवुन यांनी ओनस यांना आपल्या कुटुंबात सामावून घेतले आणि काही कथा व ‘रार्क’ ही परस्परांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषांची पद्धत वापरण्याची अनुमती दिली. ‘फ्रूट बॅट्स’ (१९९१) या शिल्परचनेत शहरी परसातील कपडे वाळत घालण्याच्या सांगाड्यावर लटकलेली वटवाघळे याच रेषांनी रंगविलेली आहेत. ‘बार्मा फॉरेस्ट’ (१९९४) या चित्रात मात्र पितृभूमीतील अरण्याच्या वास्तववादी दृश्यातून चित्रकोड्याचे तुकडे निखळलेले दिसतात. वसाहतवादाने हिरावलेल्या भूमीचेच हे सूचन होय. सारांश, ओनस यांना वारसा जन्माने लाभला. परंतु परक्या कुळाची रेषा त्यांनी अनुमतीनेच स्वीकारली. त्यांच्या कलेचे नैतिक अधिष्ठान यातच आहे.