कुवेतमध्ये जन्म, कूपरेजवर घडण : खालिद जमील

आज विषय फुटबॉलचा आहे. पण सांगणार आहे इतिहासच. कारण ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याच्या कारकिर्दीत मुंबईच्या फुटबॉलची गेली तीस वर्षं जशीच्या तशी दिसतात.

माणसाचं नाव खालिद जमील. जन्म २१ एप्रिल १९७७, कुवेत. आई-वडील पंजाबी. १ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर केली. या खुर्चीवर भारतीय माणूस बसला तो तब्बल तेरा वर्षांनी. याआधीचे दोघं गोव्याचे होते, आर्मांडो कुलासो आणि त्यांच्यानंतर सावियो मेडेरा, २०११-१२ मध्ये. मधल्या काळात डच, इंग्रज, क्रोएशियन आणि स्पॅनिश प्रशिक्षक येऊन गेले.

आता काही जण विचारतील, कुवेतमध्ये जन्मलेला माणूस 'आपला' कसा? मी सुपेल्यात राहतो. भिलाईत हा प्रश्न कोणी विचारत नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाबरोबर करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली आणि देशभरातून माणसं इथे आली. माझे वडील भंडाऱ्याकडून आले, शेजारचे केरळातून, समोरचे आंध्रातून. इथे माणूस कुठे जन्मला हे राशन कार्डापुरतं. कुठल्या विभागात काम करतो आणि कसं करतो, यावरून त्याची ओळख ठरते. खालिद जमीलना याच मापाने मोजू.

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. लाखाहून जास्त भारतीय अडकले. अम्मानमार्गे त्यांना परत आणण्यासाठी एअर इंडियाने दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास उड्डाणं केली. आखाती युद्धाच्या त्या काळात जमील कुटुंबही भारतात आलं. मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. कुवेतमधल्या एका शिबिरात त्याने मिशेल प्लाटिनीला जवळून पाहिलं होतं आणि डोक्यात फुटबॉल भरला होता.

हा मुलगा पुढे मुंबईत खेळू लागला. त्या मुंबईची थोडी ओळख करून देतो. रोव्हर्स कप ही मुंबईची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पहिला विजेता ठरली ब्रिटिश फौजेची वूस्टर रेजिमेंट. म्हणजे मुंबईत फुटबॉल रुजवण्यात फौजेचा हात मोठा. गोरे गेले आणि मैदान आलं कंपन्यांच्या ताब्यात. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, आरसीएफ, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र. या संघांची पद्धत साधी होती. खेळाडूला नोकरी द्यायची, सरावाला वेळ द्यायचा आणि संध्याकाळी कूपरेजवर सामना. गुडघा गेला तरी चूल विझत नसे. आमच्या सर्व्हिसेसच्या संघातही हेच तत्त्व आहे. जवान खेळतो, पण त्याची नोकरी खेळावर टांगलेली नसते.

खालिद मिडफिल्डर होते. महिंद्र, मग एअर इंडिया, परत महिंद्र, शेवटी मुंबई एफसी असा त्यांचा प्रवास. भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांकडून बोलावणं आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. दोन्ही क्लबांमागे मद्यकंपनीचा पैसा होता आणि ते त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. आम्हा फौजी लोकांचं या बाबतीतलं मत जरा वेगळं आहे, हे आमच्या कॅन्टीनवाल्यांना विचारा. पण ऐन उमेदीत मोठ्या पैशाला नाही म्हणणारा माणूस मला आवडतो.

२००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. त्या संघात खालिद होते. कारकिर्दीत दुखापतींनी मात्र पिच्छा सोडला नाही. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधी तिथे डेव्हिड बूथ हे इंग्रज प्रशिक्षक होते.

इथे जरा थांबा आणि मोजा. चार वर्षांपूर्वी देशातली लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाच्या संघाला २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवरून आय-लीगबाहेर काढलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. रोव्हर्स कप तर शतक उलटताच थांबला होता. ज्या ज्या संघाने या माणसाला घडवलं, तो तो संघ आज नाही. फौजेत एखादी बटालियन मोडीत निघाली तर तिचे जवान दुसऱ्या युनिटांत जातात आणि तिथे जुन्या युनिटच्या सवयी घेऊन जातात. खालिद जमील हे त्या मोडलेल्या मुंबई फुटबॉलचे असे शिलेदार आहेत.

त्या सवयी कोणत्या? मुंबई एफसीत ते सात हंगाम राहिले. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू नाहीत. पण त्या सात हंगामांत संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. बचाव घट्ट, कॉर्नर आणि फ्री-किकची कसून तयारी, आणि ज्याला इतरांनी सोडलं त्याच्यावर विश्वास. टीकाकार म्हणतात, खेळ दिसायला रुक्ष. असेल. दारूगोळा कमी असला की मोर्चा कसा धरायचा, याचे धडे आम्हीही गिरवले आहेत. ते देखणं नसतं.

२०१६ मध्ये मुंबईने त्यांना सोडलं आणि ते ऐझॉलला गेले. मिझोराममध्ये मी दोन वर्षं काढली आहेत. सगळं शहर डोंगराच्या धारेवर, सपाट जागा शोधावी लागते, तरी जिथे चार पावलं मोकळी मिळतील तिथे पोरं चेंडू मारत असतात. आपल्याच देशातल्या माणसाला तिथे जायला इनर लाइन परमिट लागतं आणि मैदानी प्रदेशातून आलेल्याला ते 'वाई' म्हणतात. म्हणजे बाहेरचा. तिथला ऐझॉल एफसी हा क्लब २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून घसरला होता. पण गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं आणि ऐझॉलला परत जागा मिळाली. असा हा संघ, आणि त्यावर आलेला हा वाई.

खालिदनी सोबत मुंबईचे काही ओळखीचे खेळाडू नेले, त्यांत आपला जयेश राणे आणि आशुतोष मेहता. सीरियाचा महमूद अल अमना मधली फळी सांभाळायला होता. बाकी बहुतेक स्थानिक मिझो पोरं. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलमध्ये मोहन बागानला त्यांनी १-० ने हरवलं. शेवटचा सामना ३० एप्रिलला शिलाँगमध्ये, लाजोंगविरुद्ध. ऐझॉलला एक गुण पुरेसा होता. लाजोंगने आधी गोल केला, मग विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. अठरा सामन्यांत ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडचा क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला. आणि त्याच हंगामात गुणतक्त्यात सगळ्यात खाली कोण होतं? खालिदना सोडून देणारा मुंबई एफसी.

इतकं झाल्यावर दारं उघडायला हवी होती. तसं झालं नाही. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, चौथा क्रमांक, निरोप. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने अर्ध्या हंगामात बोलावलं. नंतर नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते सहायक. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला हटवलं आणि यांना हंगामी नेमलं. फौजेत आम्ही याला 'ऑफिशिएटिंग' म्हणतो. जबाबदारी पूर्ण, पाटी मात्र दुसऱ्याची. खालिदनी संघ साखळीत पुढे एकही सामना न हरता तिसऱ्या क्रमांकावर नेला, उपांत्य फेरीत पोहोचवला. तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२१ मध्ये ते कायम झाले. इंडियन सुपर लीगमधले पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक. लीग सुरू होऊन तोवर सात वर्षं झाली होती!

कायम झाल्यावरचा हंगाम वाईट गेला, हेही सांगायला हवं. अकरा संघांत दहावा क्रमांक. पुन्हा वर येण्याची संधी दिली ती एका पोलाद नगरीने, जमशेदपूरने. इंग्रज प्रशिक्षक गेल्यावर, पुन्हा अर्ध्या हंगामात. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर पाचवा आला, उपांत्य फेरी खेळला आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला, तिथे एफसी गोवाकडून हरला. महासंघाने लागोपाठ दोन वर्षं त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. मग आली राष्ट्रीय संघाची जागा. शेवटच्या तिघांत कॉन्स्टंटाईन आणि स्लोव्हाकियाचे तारकोविच होते.

सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. मग ऑक्टोबर आला. सिंगापूरशी तिकडे १-१ बरोबरी, आणि १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, आघाडी घेऊनही, १-२ पराभव. आशियाई चषक २०२७ ची वाट तिथेच बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार.

'आपला माणूस' म्हणून या पराभवांवर पांघरूण घालायचं कारण नाही. आघाडी घेऊन घरच्या मैदानावर हरणं, याचा जाब प्रशिक्षकाला द्यावाच लागतो. पण जाब एकट्याचा घेऊन चालणार नाही. त्याच मोसमात देशातली मुख्य लीग कराराच्या वादात अडकून वेळेवर सुरूच झाली नाही. रायफल रेंज बंद ठेवायची आणि निशाणा चुकला म्हणून जवानाला दोष द्यायचा, असा हा प्रकार.

मला या कारकिर्दीत खरी काळजीची गोष्ट वेगळीच दिसते. खालिद जमील कुठल्या मोठ्या अकादमीतून किंवा परदेशी पदवी घेऊन प्रशिक्षक झाले नाहीत. कंपनीच्या संघात नोकरी, कूपरेजवर रोजचा खेळ, डेरिक परेरांसारखे गुरू, मग एका गरीब क्लबात सात वर्षं टिकून राहण्याची मुभा. असा माणूस तयार व्हायला वीस वर्षं लागतात, आणि ती वीस वर्षं देणारे संघ आपण एकेक करून बंद केले. आज बावीस वर्षांचा एखादा मिडफिल्डर मुंबईत, नागपुरात, आमच्या भिलाईत खेळत असेल. दुखापत झाली तर त्याच्या हाताशी कोणती नोकरी आहे? तिशीनंतर त्याला कोण सात हंगाम सांभाळून घेईल? या प्रश्नांना उत्तर नसेल तर पुढच्या वेळी भारतीय प्रशिक्षक शोधताना महासंघाच्या यादीत नावच उरणार नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात रेल्वेचा, बँकेचा, कारखान्याचा, पोलिसांचा फुटबॉल संघ अजून तग धरून असेल, तर त्याचा सामना पाहायला जा. पन्नास माणसं कठड्यावर दिसली तर साहेबाला संघ बंद करण्याच्या कागदावर सही करताना दोनदा विचार करावा लागतो. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.