एटीव्ही कार्ब्युरेटरचे जेटिंग : एक्झॉस्ट बदलानंतर

वाळू, चिखल, डोंगरवाटा अशा रस्ता नसलेल्या जागी चालवण्यासाठी बनवलेल्या, रुंद व कमी हवेच्या टायरांच्या एकआसनी चारचाकीला एटीव्ही म्हणतात. तिचा कारखान्यातून आलेला सायलेन्सर काढून मोकळा एक्झॉस्ट बसवला की इंजिनात भरणाऱ्या हवेचे प्रमाण बदलते आणि कार्ब्युरेटर देत असलेले पेट्रोल तिला पुरेनासे होते. हवा व पेट्रोल यांचा मेळ पुन्हा बसवण्यासाठी कार्ब्युरेटरमधील जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे तुकडे) बदलणे, निडल वरखाली करणे व मिश्रणाचा स्क्रू फिरवणे या कामाला जेटिंग म्हणतात.

प्रमुख गाड्या : हे काम मुख्यतः अमेरिकेत विकल्या गेलेल्या जपानी बनावटीच्या स्पोर्ट एटीव्हींशी निगडित आहे. यामाहाची बॅन्शी (वायएफझेड३५०) ही ३४७ घसेंमी.ची, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात मिळत होती. होंडाची टीआरएक्स४००ईएक्स १९९९ मध्ये आली. तिचे इंजिन ३९७ घसेंमी.चे, एकसिलिंडरी, फोर-स्ट्रोक व हवेने थंड होणारे असून कार्ब्युरेटर ३८ मिमी.चा आहे. सुझुकीची एलटी-झेड४०० (२००३) आणि यामाहाची वायएफझेड४५० (२००४) या त्यानंतरच्या. या चौघींचे कार्ब्युरेटर एका जातीचे नाहीत, त्यामुळे जेटिंगचे तत्त्व एकच असले तरी हाताने करायचे काम गाडीगणिक बदलते.

तत्त्व : कार्ब्युरेटरच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. खाली पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. या दोन दाबांतील फरकामुळे पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर चढते आणि हवेत मिसळते. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे ज्वलनाचे तात्त्विक प्रमाण होय. सर्वाधिक ताकद मात्र १२.५ ते १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल असताना मिळते. पेट्रोल गरजेपेक्षा कमी पडले तर मिश्रणाला लीन म्हणतात, जास्त झाले तर रिच.

एक्झॉस्ट बदलल्याचा परिणाम : मूळ सायलेन्सरमधील पडदे व ठिणगीरोधक जाळी जळलेल्या वायूंना अडवतात. त्यांतील काही वायू सिलिंडरमध्येच उरतो आणि नव्या मिश्रणाची जागा खातो. मोकळ्या एक्झॉस्टमध्ये हा अवशेष घटतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असताना बाहेर धावणारा वायू मागून येणारे ताजे मिश्रण ओढून घेतो, म्हणून त्याच फेऱ्यांना इंजिन अधिक हवा घेते. हवा वाढली की नळीतील ओढ वाढते आणि पेट्रोलही काही अंशी वाढते. तरीही मिश्रण लीन वाटते, कारण मूळ जेटिंगच बहुधा लीन बाजूला ठेवलेले असते आणि चुकीला फारशी जागा उरलेली नसते.

बहुतेक चालक सायलेन्सरबरोबर एअरबॉक्सचे (एअर फिल्टरच्या डब्याचे) झाकणही काढतात, आणि जेटिंगवर त्याचा परिणाम बहुधा अधिक होतो. झाकण असते तेव्हा हवा त्यातून ओढली जाताना कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच दाब थोडा उतरलेला असतो, म्हणजे पेट्रोलला वर खेचणारी ओढ वाढलेली असते. झाकण गेले की हवा सहज येते, ओढ घटते, आणि वाढलेल्या हवेला उलट कमी पेट्रोल मिळते. कार्ब्युरेटरला सायलेन्सर कळत नाही, त्याला फक्त दाबातला फरक कळतो. म्हणूनच एकाच कंपनीचा एक्झॉस्ट लावलेल्या दोन सारख्या गाड्यांना, एकीचे झाकण बसलेले व दुसरीचे काढलेले असेल, तर निरनिराळे जेट लागतात.

मोजणीचे घटक : पेट्रोल कुठल्या वाटेने येणार हे थ्रॉटल किती उघडला आहे यावर ठरते. इंजिनाच्या फेऱ्या किंवा गिअर यांवर ते ठरत नाही. थ्रॉटलबरोबर वर सरकून हवेची वाट उघडणाऱ्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये ही वाटणी ढोबळमानाने अशी असते. बंद ते एक-अष्टमांश थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (गॅरेजमधला स्लो जेट) व मिश्रणाचा स्क्रू. एक-अष्टमांश ते पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप. पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत निडल. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर मेन जेट. या सीमा काटेकोर नसतात. शेजारचे दोन घटक काही अंतर एकत्र काम करतात.

निडल ही निमुळती सळई स्लाइडला टांगलेली असते. तिच्या माथ्याशी असलेल्या खाचांत क्लिप अडकवतात. क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर उचलली जाते, तिच्याभोवतीची फट वाढते व मिश्रण रिच होते. स्लाइडचा काप जितका मोठा तितके मिश्रण लीन.

मिश्रणाच्या स्क्रूचे दोन प्रकार असून त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. स्लाइडच्या इंजिनाकडील बाजूस असलेला स्क्रू मिश्रणाला आवर घालतो. तो बाहेर काढला की मिश्रण रिच होते. एअरबॉक्सकडील स्क्रू हवेला आवर घालतो. तो बाहेर काढला की मिश्रण लीन होते. अमेरिकेत विकलेल्या अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांत पहिल्या प्रकारचा स्क्रू असून कारखान्यातच त्यावर धातूचे बूच ठोकलेले असते.

जेटचे आकडे : केहिन कंपनीच्या मेन जेटवरील आकडा हा साधारणपणे छिद्राचा व्यास मिमी.च्या शंभराव्या भागात सांगतो. १५० क्रमांकाचा जेट म्हणजे सुमारे १.५० मिमी.चे छिद्र. पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात येते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे १५० वरून १५५ वर गेल्यास पेट्रोलची वाट सुमारे ७ टक्क्यांनी, तर १६० वर गेल्यास सुमारे १४ टक्क्यांनी मोठी होते. मिकुनीच्या षट्कोनी माथ्याच्या जेटवरील आकडा व्यासाऐवजी ठरावीक परिस्थितीत मिनिटाला वाहणारे घसेंमी. दाखवतो. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीला लागू होत नाही, आणि जेट-किट विकणाऱ्या काही कंपन्यांचे क्रमांकन याहूनही वेगळे असते. जुना जेट ड्रिलने मोठा करणे अयोग्य. छिद्राच्या कडा खरबरीत होतात आणि जेटवर कोरलेला आकडा खोटा ठरतो.

लक्षणे : लीन मिश्रणात थ्रॉटल सोडल्यावर एक्झॉस्टमध्ये फटाके फुटतात, रेस लगेच खाली उतरत नाही, स्थिर वेगात गाडी ओढ घेते व सोडते, आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापते. रिच मिश्रणात काळा धूर, पेट्रोलचा वास, जड पिकअप, काजळलेला स्पार्क प्लग, आणि इंजिन गरम झाल्यावर बिघडत जाणारी चाल ही लक्षणे दिसतात. संशय असलेल्या थ्रॉटलवर चोक किंचित ओढून चाल सुधारली तर मिश्रण लीन आणि अधिक बिघडली तर रिच समजतात. तसेच पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होत असताना गाडी क्षणभर मोकळी पळाली, तर ती रिच होती असे मानतात.

फटाक्यांवरून निष्कर्ष काढताना सावधगिरी लागते. सिलिंडर आणि एक्झॉस्ट नळी यांच्या सांध्यातील गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा तप्त नळीत शिरते आणि न जळलेले पेट्रोल तिथेच पेट घेते. नवा एक्झॉस्ट बसवताना जुने गॅस्केट पुन्हा वापरल्यास हा दोष अनेकदा उद्भवतो. अशा वेळी कितीही मोठा जेट घातला तरी फटाके थांबत नाहीत.

जुळवणीची रीत : जेटला हात लावण्याआधी एअर फिल्टर, इनटेकच्या रबरी नळीतील भेगा, फ्लोटची उंची, व्हॉल्व्हची फट आणि प्लग तपासतात. पेट्रोल ताजे घेतात व इंजिन पूर्ण गरम करतात. एटीव्हीचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो. त्याच्या दांड्यावर व शेजारच्या घरावर पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण अशा खुणा करतात, म्हणजे दोष नेमका कुठल्या उघडीपाशी आहे ते दिसते. एका वेळी एकच घटक बदलतात व प्रत्येक बदल लिहून ठेवतात.

आरंभ बहुधा मेन जेटने करतात, कारण पूर्ण थ्रॉटलवर लीन मिश्रण इंजिनाला सर्वांत धोक्याचे असते. अपेक्षेपेक्षा मोठ्या जेटने सुरुवात करून, वरच्या फेऱ्यांतील अडखळणे थांबेपर्यंत एकेक क्रमांक खाली येतात. पडताळणीसाठी नवा प्लग बसवून वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवतात, त्याच स्थितीत क्लच दाबून इंजिन बंद करतात व प्लग काढून पाहतात. याला प्लग चॉप म्हणतात. चिनी मातीच्या भागाच्या अगदी तळाशी, धातूजवळ उमटलेले वलय मेन जेटबद्दल सांगते. प्लगच्या टोकाचा रंग त्या कामाचा नाही. शिसेविरहित पेट्रोलने रंग फिका उमटतो, म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजनचा वाइडबँड सेन्सर बसवून प्रमाण थेट वाचणे अधिक खात्रीचे.

मेन जेटनंतर निडलची क्लिप ठरवतात आणि शेवटी पायलट जेट. पायलटसाठी गरम इंजिन मंद चालू ठेवून स्क्रू हळूहळू फिरवतात आणि इंजिनाच्या फेऱ्या सर्वाधिक वाढतात तिथे थांबतात. इंजिनाकडील स्क्रू पूर्ण बंद केलेल्या स्थितीपासून एका फेऱ्याच्या आत ही जागा आली तर पायलट जेट मोठा आहे; अडीच-तीन फेऱ्यांच्या पुढे गेली तर लहान. एअरबॉक्सकडील स्क्रूला हाच नियम उलट लागतो.

मेहनत कुठल्या घटकावर घ्यायची हे गाडी कुठे धावते यावरही अवलंबून आहे. वाळूच्या टेकड्यांवर पूर्ण थ्रॉटल बराच वेळ राहतो, म्हणून तिथे मेन जेट निर्णायक. वळणावळणाच्या जंगलवाटेवर तो क्वचितच वापरात येतो. तिथे चालकाला जाणवते ती निडल आणि पायलट यांची जुळणी.

कार्ब्युरेटरचे प्रकारभेद : सुरुवातीच्या एलटी-झेड४०० मध्ये व्हॅक्यूमने स्लाइड उचलणारा मिकुनी कार्ब्युरेटर आहे. त्यात अंगठा फक्त फुलपाखरी झडप उघडतो, स्लाइड हवेच्या ओढीने वर जाते. त्यामुळे थ्रॉटलवरची खूण आणि निडलची जागा यांचा मेळ सैल असतो. मूळ निडलला खाचा नसल्यास तिच्या माथ्याखाली पातळ वॉशर घालून ती उचलतात किंवा खाचांची निडल असलेले किट वापरतात. वायएफझेड४५० वरील ३९ मिमी.च्या केहिन एफसीआरमध्ये थ्रॉटल झटकन उघडताच पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप असतो. तिथे अचानक थ्रॉटल दिल्यावर येणारा झोल जेटिंगचा दोष नसून पिचकारीच्या वेळेचा किंवा प्रमाणाचा असू शकतो.

टू-स्ट्रोक गाड्या : बॅन्शीला दोन सिलिंडरांसाठी २६ मिमी.चे दोन मिकुनी कार्ब्युरेटर आहेत. दोन्हींचे जेट सारखे आणि स्लाइड एकाच क्षणी उचलणाऱ्या असाव्या लागतात. नाहीतर एक सिलिंडर लीन होऊन एकटाच जाम होतो. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टची फुगीर नळी हा इंजिनाचाच भाग असतो. तिच्या आकारानुसार दाबाची लाट परत येऊन ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबते, म्हणून नळी बदलल्यावर ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात पेट्रोलची गरज एकदम वाढते. येथे लीन चुकीची शिक्षा कडक असते : वंगण पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल घटले की तेलही घटते, पिस्टन वितळतो किंवा भिंतीला चिकटतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल वाढवले तर मिश्रण रिच होते हा समज चुकीचा आहे. जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणून मिश्रण लीन होते.

उंची व इंधन : कॅलिफोर्नियातील इंपीरियल सँड ड्यून्स समुद्रसपाटीच्या जवळपास आहेत, तर युटातील लिटल सहारा सुमारे १,५०० मी. उंचीवर. या उंचीवर हवेची घनता सुमारे १४ टक्क्यांनी कमी असते. पेट्रोलचा प्रवाह घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे हवेइतका घटत नाही; परिणामी मिश्रण सुमारे ८ टक्के रिच होते. खाली १५० चा केहिन जेट बरोबर असेल तर वर साधारण १४५ चा लागतो. थंड हवा दाट असते, म्हणून हिवाळ्यात याउलट मोठा जेट घालावा लागतो. १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच हवेसाठी किंचित जास्त इंधन लागते, तेही लक्षात घेतात.

नियम : अमेरिकेत एटीव्हींच्या धुराला २००६ च्या मॉडेल-वर्षापासून टप्प्याटप्प्याने केंद्रीय मर्यादा लागू झाल्या, आणि प्रदूषण-नियंत्रणाशी संबंधित भागांत फेरफार करण्यास तेथील स्वच्छ हवा कायद्याने बंदी आहे. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या अशा गाड्यांचा आवाज, एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटरवर उभ्या गाडीची चाचणी घेतली असता, ९६ डेसिबलच्या आत असावा लागतो. वनक्षेत्रांत ठिणगीरोधक जाळीही सक्तीची असते. ती काढून ठेवलेल्या गाडीचे जेटिंग जाळी परत बसवल्यावर रिच ठरते, म्हणून जी गाडी वनक्षेत्रात न्यायची तिची जुळणी जाळीसकटच करतात.

सद्यःस्थिती : सुझुकीच्या एलटी-आर४५० ने २००६ मध्ये, तर यामाहाच्या वायएफझेड४५०आर ने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शन स्वीकारले. या गाड्यांत एक्झॉस्ट बदलल्यावर जेटऐवजी संगणकातील इंधनाचा तक्ता बदलतात. टीआरएक्स४००ईएक्स मात्र नंतर टीआरएक्स४००एक्स या नावानेही कार्ब्युरेटरवरच चालत राहिली. जुन्या स्पोर्ट एटीव्ही अजून मोठ्या संख्येने वापरात व दुरुस्तीत असल्याने जेटिंगचे काम चालू आहे.