आकड्यांचं बारसं

हाउजी ऊर्फ तंबोला हा खेळ हळदीकुंकवाइतकाच सनातन आहे, अशी जळगाव-धुळ्याकडच्या नव्या पिढीची प्रामाणिक समजूत आहे. आधी अत्तर, मग वाण, मग तिकिटं! शेवटी यजमानीणबाई डब्यातल्या सोंगट्या खुळखुळवतात आणि इतका वेळ चाललेली सासवांची चर्चा एकदम थांबते. एवढी शांतता आमच्याकडे कीर्तनालासुद्धा नसते.

खेळ मूळचा इटलीचा. सोळाव्या शतकात तिथे आकड्यांची सोडत सुरू झाली, आणि सरकारी तिजोरी फुगू लागली. नेपल्सला १७३४ च्या सुमारास एका पाद्र्याने राजाशी वाद घातला आणि नाताळच्या आठवड्यात ही सोडत बंद ठेवायला लावली, असं सांगतात. लोकांनी काय करावं? नव्वद आकडे टोपलीत घालून घरीच डाव मांडला! धर्मही सांभाळायचा आणि डावही सोडायचा नाही, ही युक्ती खान्देशी माणसाला समजावून सांगायला नको. आखाजीला लेकीबाळी झोक्यावर गाणी म्हणत असतात, तेव्हा घरातले कर्ते पुरुष पत्ते घेऊन कुठे बसलेले असतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

नेपल्सकरांनी प्रत्येक आकड्याचं बारसंही केलं. तिथे ९० म्हणजे भीती आणि ४८ म्हणजे बोलणारं प्रेत. साहेबाच्या फौजेत आणि क्लबांत हाच खेळ ‘हाउजी’ झाला. साहेब ८८ आला की ‘दोन जाड्या बाया’ असं ओरडे. आमच्या हळदीकुंकवात हे ओरडून दाखवणारा शूर अजून जन्माला यायचा आहे! पण आपल्याला उसनवारी हवी कशाला? ३६ म्हणजे नवराबायको, ६० म्हणजे बुद्धी नाठी, ५२ म्हणजे बावनकशी, म्हणजे जळगावच्या सराफांचा. आणि ४० पुकारायची गरजच नाही. ‘चाळीसगाव’ म्हटलं की पुरे.

तीन ओळी, नऊ रकाने, सत्तावीस घरं आणि त्यांत पंधरा आकडे, हे आपलं तिकीट. अमेरिकेत १९२९ साली एडविन लो या खेळणीवाल्याने ‘बिंगो’ बाजारात आणला. एकासारखं दुसरं निघणार नाही अशी हजारो तिकिटं करायला त्याने एक गणिताचा प्राध्यापक धरला. बिचाऱ्याचं डोकं फिरलं, अशी आख्यायिका आहे. तो आमच्याकडे यायला हवा होता! आकड्यांच्या मांडण्या किती होतात, हे भास्कराचार्यांनी ११५० मध्येच ‘लीलावती’च्या ‘अंकपाश’ प्रकरणात सांगून ठेवलं. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. १२०७ चा शिलालेख तिथे आहे.

जर्मन मंडळी मात्र हुशार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी याच खेळातून पोरांना पाढे शिकवले. जुगाराचा मास्तर झाला तो तिथे.

आमच्या वहिनी धुळ्याजवळ प्राथमिक शाळेत शिकवतात. पहिलीतली पोरं घरून ‘अठे-तठे’ घेऊन येतात, पुस्तकात ‘इथे-तिथे’ असतं, आणि मधल्या मध्ये पोर मुकं होतं. वहिनींनी संगणकावर तिकिटं छापून घेतली. घरांत पुस्तकी शब्द, पुकारा अहिराणीत. ‘आंडेर’ म्हटलं की ‘मुलगी’वर चिंचोका, ‘वावर’ म्हटलं की ‘शेत’वर. पहिल्याच डावात शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी ‘फुल हाउस’ म्हणून ओरडली. शहरातून आलेली हुशार मुलं शेजाऱ्याच्या तिकिटात डोकावत बसली.

“भाऊजी, पोरगी पहिल्यापासून हुशारच होती,” वहिनी म्हणाल्या, “तिचे शब्द तिकिटावर नव्हते, एवढंच.”

आता पोरं घरी जाऊन आजीला नवे शब्द विचारतात. आजी एकेक शब्द देते आणि वर विचारते, “बक्षीस काय आहे रे?”