एक आखूड रोहिणी आणि हेलनबाईंचा प्रश्न

रोहिणी म्हटले की आपल्याला नक्षत्र आठवते. वैद्यकात मात्र हृदयातून रक्त वाहून नेणाऱ्या नळीला रोहिणी म्हणतात. आईच्या पोटात बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो, फुप्फुसांना काम नसते. म्हणून तिकडे निघालेले बहुतेक रक्त एका आखूड रोहिणीतून परस्पर महारोहिणीत जाते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही वाट बहुधा आपोआप मिटते. काहींची मिटत नाही. ती मोठी असली तर उलट रक्त फुप्फुसांत लोटते, हृदय थकते, बाळ दूध ओढताना धापा टाकते, अंग धरत नाही. गरोदरपणाच्या आरंभी आईला रुबेला झाल्यास हा दोष संभवतो, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवावे.

२६ ऑगस्ट १९३८ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस या तेहतीस वर्षांच्या डॉक्टरांनी सात वर्षांच्या एका मुलीची ही रोहिणी बांधून टाकली. त्यांचे वरिष्ठ तेव्हा सुटीवर गेले होते! मुलगी बरी झाली.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग निळ्या पडणाऱ्या मुलांना तपासत. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या काळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांनी १९२७ साली हॉपकिन्समधून पदवी घेतली. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले, तेव्हा बाळाच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाची चाल ओळखत. या मुलांची फुप्फुसांकडची वाट जन्मतःच अरुंद असते. थोडे चालले की ती उकिडवी बसतात. बाईंच्या ध्यानात आले, की ती आखूड रोहिणी मिटली म्हणजेच यांतली कित्येक मुले अधिक निळी पडतात. इतरांना जी वाट घातक, तीच यांना जगवत होती! मग मिटलेली वाट नव्याने करता येणार नाही का? त्या ग्रॉस यांच्याकडे गेल्या. वाट बंद करणाऱ्या त्या गृहस्थांना ती उघडण्यात रस वाटला नाही.

१९४१ साली आल्फ्रेड ब्लेलॉक हे शस्त्रवैद्य हॉपकिन्समध्ये आले. त्यांच्याबरोबर व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय साहाय्यक होते. मंदीमुळे त्यांचे कॉलेज राहून गेले होते, आणि आधीच्या विद्यापीठात तर त्यांना कागदोपत्री झाडूवाल्याचा हुद्दा व पगार होता. हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्याची रीत त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम नऊ पौंडांच्या मुलीवर ती शस्त्रक्रिया झाली. थॉमस स्टुलावर उभे राहून ब्लेलॉक यांना मागून टाका कसा घालावा ते सांगत होते. ती मुलगी काही महिन्यांनी गेली. पण तिसऱ्या खेपेस सहा वर्षांच्या मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले, आणि दूरदूरचे आईबाप मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

शस्त्रक्रियेला नाव पडले ब्लेलॉक-टॉसिग. हेलनबाईंना पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५९ उजाडले. थॉमस यांना हॉपकिन्सने १९७६ साली सन्मान्य डॉक्टरेट दिली; त्या शस्त्रक्रियेच्या नावात त्यांचे नाव तर त्याहूनही उशिरा आले.